आप्पांची बारा वर्षांची दुष्मनी

दुसऱ्याच्या जमिनीवर बसून ती आपली करून घ्यायची असेल, तर कायदा फार काही मागत नाही. बारा वर्षं बसा, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत बसा, मध्येच उठू नका आणि मालकाशी दुष्मनी ठेवा, एवढंच. यातल्या पहिल्या तीन गोष्टी आमच्या निम्म्या शिरूरला जन्मतःच येतात. चौथीला तर शिकवणीचीही गरज नाही. दोन कुंड्या आणि सांडपाण्याचा एक पाइप एवढ्या भांडवलावर आमच्याकडे दुष्मनी तीन पिढ्या चालते. अशा गावात, ज्यांना साधी बारा वर्षं दुष्मनी टिकवता आली नाही असे गृहस्थ नेमके आमच्याच गल्लीत निघावेत, ही गल्लीच्या लौकिकाला बट्टा लावणारी गोष्ट होती. त्यांचं नाव निवृत्तीआप्पा कोळपे.

गल्ली बाजारतळाच्या मागची. आमच्या घरासमोर एक मोकळा प्लॉट होता. त्याच्या डावीकडे आप्पांचं पत्र्याचं दोन खोल्यांचं घर आणि उजवीकडे प्रभाकररावांचं स्लॅबचं. प्लॉटचे मालक रेल्वेत गार्ड होते. नोकरी संपल्यावर शिरूरला घर बांधू म्हणून त्यांनी तो स्वस्ताईत घेऊन ठेवला, मग त्यांची दौंडला बदली झाली आणि ते दौंडचेच होऊन गेले. शिरूरला रेल्वे येत नाही, त्यामुळे गार्डसाहेबांचंही येणं झालं नाही. वर्षानुवर्षं मालकाचं तोंड न दिसल्यामुळे त्या जागेला गल्लीनं बेवारस ठरवून टाकलं आणि बेवारस वस्तूचा करतात तसा तिचा मान राखला. म्हणजे तिथे कचरा टाकला.

आमचा ओटा या प्लॉटच्या बरोबर समोर. तिकीट न काढता पहिल्या रांगेत बसायला मिळावं, असं भाग्य फार थोड्यांच्या वाट्याला येतं. नव्वदीच्या सुरुवातीपासून पुढची वीस-एकवीस वर्षं मी त्या ओट्यावरून हलायचं शक्यतो टाळलं.

आप्पा उंच, वाळके, खांद्यावर घोंगडी. मे महिन्यातही घोंगडी. एवढ्या उन्हात ती कशाला, असं विचारलं तर म्हणायचे, ऊन आत येऊ नये म्हणून. त्यांचे वडील मेंढरं घेऊन मांडवगणच्या बाजूनं नदीकाठानं हिंडायचे. आप्पांचीही निम्मी हयात त्यात गेली. मग एका वाईट सालात मेंढरं विकली आणि आप्पा शिरूरला येऊन मार्केट यार्डातल्या एका आडतीवर कांद्याची राखण करू लागले. माणसांशी ते मोजकं बोलायचे. शेळ्यांशी मात्र व्याख्यान दिल्यासारखं. त्यांच्या तीन शेळ्यांची नावं तलाठी, सर्कल आणि मामलेदार अशी होती. ही कसली नावं, म्हणून मी एकदा विचारलं. आप्पा शांतपणे म्हणाले, "खायाला कवाच न्हाई म्हनत न्हाईत."

प्रभाकरराव तहसील कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेले. रोज सकाळी ते दात घासत बाहेर आले की पलीकडून आप्पांचा उपदेश कानावर पडायचा, "मामलेदारा, दुसऱ्याच्या ताटात तोंड घालू नगं. तलाठ्या, मागं हो, तुझं खाऊन झालंय." प्रभाकरराव चूळ भरायचे विसरायचे.

भांडण सुरू झालं ते जागा स्वच्छ झाल्यामुळे. घाण होती तोवर तिथे कुणाचाच जीव अडकला नव्हता. एका पावसाळ्यात त्या काट्याकुट्यातून नाग निघून आप्पांच्या स्वयंपाकघरात आला, तेव्हा आप्पांनी कोयता घेतला आणि सगळी बाभळ, घाणेरी, कचरा साफ केला. शेळ्या बांधायला खुंट्या ठोकल्या, कडुनिंबाखाली बाज टाकली. त्यांच्या बायकोनं, सखूबाईंनी, कडेनं शेवग्याची दोन खोडं लावली आणि वांग्यांचा वाफा केला. जागा एवढी देखणी दिसू लागली की प्रभाकररावांना ती अचानक वडिलोपार्जित वाटायला लागली.

प्रभाकरराव घाईगर्दीनं काही करणारे नव्हेत. कचेरीत उभी हयात काढलेली. फाइल पुढे सरकवायची ती सरकल्याचं फाइललाही कळू द्यायचं नाही, हा त्यांचा हातखंडा. त्यांनी आपल्या भिंतीला लागून जास्वंदीच्या कुंड्या मांडल्या. कुंड्या दर रविवारी वीतभर पुढे यायच्या. वनस्पती उजेडाकडे वळते हे शाळेत शिकलो होतो. ती कुंडीसकट वळते हे तिथे पाहिलं. पाठोपाठ स्कूटर आली, मग कपडे धुवायचा दगड आला. आप्पांनी ना हरकत घेतली ना दखल. मामलेदारनं मात्र घेतली. तिनं एका दुपारी कुंड्यांच्या पहिल्या रांगेचा निकाल लावला, आणि प्रभाकरराव काठी घेऊन धावले तेव्हा आप्पांनी शेळीची समजूत घातली, की बाई, हे तुझं साहेब हायेत, ह्यांच्याम्होरं खाऊ नये.

मग प्रभाकररावांनी देव आणला. एका सकाळी प्लॉटच्या बरोबर मध्यावर शेंदूर फासलेला एक दगड प्रकटला, समोर नारळ, उदबत्ती. प्रभाकरराव सोवळं नेसून बाजूला उभे. दृष्टांत झाला म्हणाले. सगळी गल्ली जमली. देवाला हात लावणारा पैदा झालेला नाही, तेव्हा जागा गेली, असं आम्ही मनात धरलं. आप्पा आले. चपला काढल्या, घोंगडी बाजूला ठेवली, दगडापुढे सरळ लोटांगण घातलं. प्रभाकररावांच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं. मग आप्पांनी दगड दोन्ही हातांनी उचलला, डोक्यावर घेतला आणि गल्लीच्या टोकाच्या मारुतीकडे चालू लागले. "देवाला उन्हात एकटं कशाला ठिवायचं? तितं सोबत हाय," एवढंच म्हणाले. आम्ही मागून निघालो, कुणीतरी टाळ आणले, आणि देवाच्या या बदलीचा सोहळा चांगलाच रंगला. नारळ प्रभाकररावांनाच फोडावा लागला.

देवानंही साथ दिली नाही म्हटल्यावर प्रभाकरराव कायद्याकडे वळले. दौंडला कळवतो, पोलीस आणतो, असं त्यांनी आप्पांना चारचौघांत सुनावलं. आप्पा घाबरले. आडतीच्या मालकानं त्यांना ओळखीच्या वकिलाकडे धाडलं.

वकीलसाहेब हुशार होते, आणि आपण हुशार आहोत ही गोष्ट पक्षकाराला पहिल्या पाच मिनिटांत पटली पाहिजे याची ते काळजी घेत. त्यांनी आप्पांना अख्खा कायदा समजावला. पुस्तकात याला प्रतिकूल कब्जा म्हणतात, गल्लीत बारा वर्षांची वहिवाट. "प्रभाकररावांना विसरा. तो काही मालक नाही. दुष्मनी मालकाशी पाहिजे. तुम्ही त्याची मालकी मानत नाही, हे त्याला आणि जगाला दिसलं पाहिजे. बारा वर्षं असं बसलात, की पुढे तो तुम्हाला उठवू शकत नाही."

आप्पा परत आले आणि माझ्या ओट्याच्या पायरीवर टेकले. एरवी न बोलणारे आप्पा त्या दिवशी बोलले. त्यांचा सगळा जन्म दुसऱ्याच्या रानात गेला होता. मेंढरं बसवायला शेतकरीच बोलावून न्यायचे, खत मिळतं म्हणून, आणि पोतंभर धान्यही द्यायचे. मान होता. पण रान खताळलं की सकाळी उठा. शिरूरला आले तर खोली भाड्याची, तिथून चारदा उठवलं. आताचं पत्र्याचं घर सखूबाईंच्या भावाचं, तोही कधीतरी उठवणारच. कोळप्यांच्या कुठल्याही पिढीत कुणाच्या नावावर पायाखालची माती नव्हती. "लई न्हाई पायजे," ते म्हणाले. "बाज टाकाया एवढी. जितनं कुनी उठ म्हनायचं न्हाई, एवढी."

मग त्यांच्या कपाळावर आठी पडली. अडचण वेगळीच होती. मालकाशी दुष्मनी करायची ठीक. पण मालकाला त्यांनी एकदाही पाहिलं नव्हतं. "वळख न्हाई, पाळख न्हाई, दुस्मनी कशी करायची? मानूस बगाया तर पायजे."

आणि आप्पा दुष्मनी करायला दौंडला गेले.

मी कल्पनेनं सांगत नाही. सकाळच्या एसटीनं गेले. न्हावऱ्यावरून, केडगाव चौफुल्यावरून. हातात काठी होती, कारण भांडायचं होतं. आणि दुसऱ्या हातात पिशवी होती, कारण कुणाच्या घरी रिकाम्या हातानं जायचं नाही असं सखूबाईंनी बजावलं होतं. पिशवीत त्याच प्लॉटमधल्या शेवग्याच्या शेंगा आणि वांगी होती. मालकाची जागा बळकावून त्याच जागेचा वानवळा मालकाच्या दारात घेऊन जाणारा दुष्मन दौंडनं त्यापूर्वी पाहिला नसावा. जंक्शन असूनही.

संध्याकाळी आप्पा परतले ते खुशीत. पुन्हा आमच्याच पायरीवर हकिगत झाली. गार्डसाहेब वर्षभरापूर्वीच वारले होते. घरात त्यांच्या बायको, सगळे त्यांना माई म्हणत, आणि कॉलेजात शिकणारा मुलगा विलास. आप्पांनी दारातच काठी आपटून, मी तुमच्या शिरूरच्या जागेत शेळ्या बांधतो, असं सांगून टाकलं. माई म्हणाल्या, आत या आधी, उन्हाचे आलात. पाणी झालं, चहा झाला, वांगी बघून झाली. त्याच वांग्यांचं भरीत झालं. पानावर बसल्यावर भांडण कसं काढायचं? जेवणानंतर काढावं म्हटलं, तर माईंनी गार्डसाहेबांची आठवण काढली आणि डोळ्यांना पदर लावला. रडणाऱ्या बाईशी भांडण कसं काढायचं?

"मंग?" मी विचारलं.

"मंग काय. म्हनलं, माई, जागा रिकामी पडलीया. बसू का तितं?"

"आणि त्या काय म्हणाल्या?"

"बसा की म्हनल्या. मागं लागून म्हनल्या." आप्पांचा चेहरा उजळला होता. "उगंच त्यो वकील भांडा म्हनत व्हता. गोडीनं झालं काम."

दुसऱ्या दिवशी त्यांनी हा पराक्रम वकीलसाहेबांना सांगितला. मी मुद्दाम सोबत गेलो होतो. असे प्रयोग पुन्हा लागत नाहीत. वकीलसाहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला आणि पुन्हा काढला. मग ते फार हळू आवाजात म्हणाले, की आप्पा, परवानगी घेऊन बसलेला माणूस पाहुणा असतो. पाहुणा बारा वर्षं बसला काय आणि बाराशे वर्षं बसला काय, घर त्याचं होत नाही. तुम्ही काल एका दिवसात तुमचा सगळा दावा स्वतःच्या हातानं गाडून, वर भरीत खाऊन आलात. हे कुणाला बोललात का?

आप्पांनी माझ्याकडे बघितलं. तोवर ही गोष्ट मी आणि सखूबाई मिळून बाजारतळाच्या शेवटच्या दुकानापर्यंत पोहोचवलेली होती. वकीलसाहेबांनी हुकूम दिला: आजपासून यातलं अक्षर बोलायचं नाही, दौंडला पाऊल टाकायचं नाही, वांगं पाठवायचं नाही, आणि आजपासून दुष्मनी. कडक.

आप्पांनी हुकूम मानला. दौंडला पाऊल टाकलं नाही. सखूबाईंना वकील कुणी दिला नव्हता, त्यामुळे त्यांनी मानला नाही. वाफ्याला आलं की त्या पिशवी भरून दौंडच्या गाडीच्या कंडक्टरकडे द्यायच्या. दिवाळीत उलट टपाली चिवडा, चकल्या यायच्या, संक्रांतीला तिळगूळ. आप्पा चकली खाताना तोंड वाकडं करायचे, म्हणजे दुष्मनी दिसावी. अशा रीतीनं ही वैराची आग महाराष्ट्र राज्य मार्ग परिवहनच्या सहकार्यानं बारा वर्षं धगधगत राहिली.

त्या बारा वर्षांत आमच्या भागाचं नशीब पालटलं. हमरस्ता रुंद झाला, कारखाने आले, शिक्रापूरला माणूस मावेना म्हणून खोल्यांचे भाव शिरूरपर्यंत चढले. ज्या जागेत पूर्वी माणसं कचरा टाकत, तिच्याकडे बघून आता आवंढा गिळू लागली. प्रभाकररावांनी मनाशी नवी फाइल उघडली. आप्पा उठले, तर मालकाकडून प्लॉट आपणच विकत घेऊ. शेजाऱ्याला म्हणून थोडा कमी भावात. त्यांनी विलासला गाठलं. तो आता पुण्यात कंपनीत मोठा साहेब झाला होता, चारचाकीतून फिरत होता, आणि त्याला या जागेचं काही सोयरसुतक नव्हतं. प्रभाकररावांनी ते निर्माण केलं. तुमच्या वडिलांच्या घामाची जागा एक माणूस गिळून बसलाय, असं त्यांनी इतक्या कळवळ्यानं सांगितलं, की विलासनं आईला फारसं काही न सांगता तिची सही घेऊन शिरूरच्या कोर्टात कब्जा परत मिळण्याचा दावा लावला. आप्पांच्या वकिलांनी उत्तर दिलं: जागा आमची, बारा वर्षांच्या दुष्मनीनं कमावलेली.

तारखा पडू लागल्या. एका तारखेला न्यायाधीश नव्हते, एका तारखेला वकील नव्हते, एका तारखेला सगळे होते म्हणून कुणाची तयारी नव्हती. आप्पा दर तारखेला आंघोळ करून, पटका बांधून, लग्नाला निघाल्यासारखे जायचे. त्यांच्या साक्षीचा दिवस उगवला तेव्हा निम्मी गल्ली कोर्टात होती. मागच्या बाकावर प्रभाकरराव. पुढच्या बाकावर विलास, आणि त्याच्या शेजारी दौंडहून आलेल्या माई, नऊवारीत, मांडीवर पिशवी. पिशवीत काय होतं ते पुढे कळलं: आप्पांसाठी डिंकाचे लाडू. वादी पक्षानं आणलेले.

आप्पांच्या वकिलांनी त्यांना फक्त तीन वाक्यं पाठ करून घेतली होती. जागा माझी आहे. मी कुणाला विचारलं नाही. मी कुणाची मालकी मानत नाही. आप्पा ती शेळ्यांनाही म्हणून दाखवत होते. उलटतपासणीला विलासचा वकील उभा राहिला. तरुण, चुणचुणीत, प्रभाकररावांनी त्याला बरंच काही पुरवलेलं असावं. त्यानं आधी गोड गोड विचारलं. शेळ्या किती, वांगी कसली. मग एकदम आवाज चढवला.

"म्हणजे आप्पा, एक विधवा बाई, दूर राहणारी. तिच्या जागेत तुम्ही न विचारता, न सांगता, चोरासारखे शिरलात. बरोबर?"

फायद्याचं उत्तर 'बरोबर' असं होतं. कायद्यानं आप्पांनी एवढा एक शब्द उच्चारला असता, तर जागा त्यांची होती. आप्पांच्या वकिलांनी मान वरखाली करून खूणही केली.

आप्पांनी पिंजऱ्याची कड धरली.

"चोर कुनाला म्हनता? आमच्या आज्यानं, बानं शेकड्यानं रानं खताळली. कुनाच्या बांधाच्या आत इचारल्याबिगर पाय टाकला न्हाई. मी सोता दौंडाला गेलो, ह्या माईंच्या दारात. बसू का म्हनून इचारलं. बसा म्हनल्या, म्हनून बसलोय."

आप्पांचे वकीलसाहेब टेबलावरचं पुस्तक वाचू लागले. ते उलटं होतं. विलासच्या वकिलाला आपण जिंकलो हे कळायला जरा वेळ लागला, कारण अशा वेगानं तो पूर्वी कधी जिंकला नसावा.

न्यायाधीशांनी लेखणी थांबवली. सभ्य गृहस्थ होते. म्हणाले, "आप्पा, तुम्ही काय बोललात, त्याचा अर्थ काय होतो, हे तुम्हाला कळतंय ना?"

"कळतंय सायेब. वकीलसायबांनी बारा वर्सं तेच सांगितलंय," आप्पा म्हणाले. "जागा गेली तर जाऊ द्या. पर न इचारता बसलो, आसं माझ्या तोंडानं निगायचं न्हाई."

कबुलीच मिळाल्यामुळे निकाल त्याच दुपारी लागला, आणि तो अर्थातच विरुद्ध गेला. आप्पा हे मालकाच्या परवानगीनं बसलेले, सबब मालकी नाही, सबब जागा खाली करावी. एका माणसानं मालकिणीला विचारण्याचं सौजन्य दाखवलं हे सिद्ध झाल्यामुळे त्याला जागेवरून उठवण्यात यावं, असा त्या कागदाचा सरळ मराठीत अर्थ. प्रभाकररावांनी तिथल्या तिथे पेढे मागवले.

पेढे येण्याआधी माई उठल्या. कोर्टाच्या आवारात चहाच्या टपरीशी आप्पा घोंगडी सावरत उभे होते, तिथवर चालत गेल्या आणि लाडवांची पिशवी त्यांच्या हातात दिली. आम्ही सगळे कान देऊन होतोच.

"माई, आता उठतो म्हनं. दोन दिस द्या, खुट्या काडतो," आप्पा म्हणाले.

"कशाला उठताय? मी बसा म्हटलं होतं, ते मोडलंय का कुणी? माझ्या जिवात जीव आहे तोवर बसा."

विलास काहीतरी बोलायला गेला. माईंनी त्याच्याकडे फक्त बघितलं. पुण्यात त्याच्या हाताखाली म्हणे दोनशे माणसं होती. तो जाऊन गाडीचं दार उघडून उभा राहिला. कोर्टाचा हुकूम बजावून घ्यायला कायदा पुन्हा बारा वर्षांची मुदत देतो. बारा या आकड्यावर त्याचा काय जीव जडलाय, कुणास ठाऊक. विलासनं तो हुकूम कपाटात ठेवला. पेढे प्रभाकररावांनी घरी नेले.

त्यानंतरची आप्पांची वर्षं मला फार आवडतात. खटला हरलेला माणूस जिंकलेल्याच्या जागेत बाज टाकून उघड उघड चकल्या खात होता. आता तोंड वाकडं करायची गरज नव्हती. दुष्मनीतून ते कायमचे मोकळे झाले होते. दौंडलाही जाऊ लागले. एकदा मी त्यांना छेडलं, की काय आप्पा, वाईट नाही वाटत? एक शब्द कमी बोलला असता, तर उताऱ्यावर नाव लागलं असतं. ते मामलेदारची पाठ खाजवत होते. ही मामलेदार पहिलीची नात. "वाटतं की," म्हणाले. "राती वाटतं. सकाळी न्हाई वाटत." मला विनोद सुचला होता, पण तो मी गिळला. असं माझ्या बाबतीत क्वचित होतं.

माई गेल्याचा निरोप एका सकाळी दौंडच्या गाडीच्या कंडक्टरनं आणला. आप्पा त्याच गाडीनं गेले. माघारी आले ते सरळ प्लॉटमध्ये. शेळ्या सोडून आपल्या दारात बांधल्या. बाज उचलली. खुंट्या एकेक करून उपटल्या आणि त्यांची भोकं पायानं माती दाबून बुजवली. सखूबाईंनी वाफा सपाट केला. शेवगा तेवढा राहू दिला, कारण लावलेलं झाड उपटायचं नसतं. मग आप्पांनी खराटा घेऊन जागा या टोकापासून त्या टोकापर्यंत झाडली.

मी ओट्यावरून उतरून गेलो. म्हटलं, एवढी घाई कशाला? अजून दहावं व्हायचंय. विलासनं काही म्हटलं का?

"त्यो कशाला म्हनंल? गुनाचं पोरगं हाय," आप्पा म्हणाले. "शबूद माईंचा व्हता. त्यो माईंसंगं गेला. पोराला उठा म्हनाया का लावायचं?"

तेरावं झाल्यावर विलास आला. गाडीतून उतरताना त्याचा चेहराच सांगत होता, की घसा साफ करून बोलायचं काहीतरी तो वाटेत शिक्रापूरपासून घोकत आलाय. प्लॉटच्या कडेला येऊन तो थांबला. समोर मोकळी, झाडलेली जागा. घोकलेलं सगळं त्याच्या तोंडातच राहिलं. आप्पांनी आपल्या दारातून हाक मारली, "या, च्या घ्या." विलास गेला, चहा प्याला, निघताना आप्पांच्या पाया पडला आणि पुण्याला गेला. जागेचं काय करायचं ते त्यानं कुणालाच सांगितलं नाही.

त्याच महिन्यात आम्ही शिरूर सोडलं. सामानाचा टेम्पो दारात उभा होता, आणि माझा ओटा मी शेवटचा वापरून घेत होतो. इतक्यात प्रभाकरराव बाहेर आले. त्यांनी रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बघितलं. मग स्कूटर ढकलत प्लॉटमध्ये आणली, अगदी थोडी आत, एक चाक झाडलेल्या मातीवर, एक बाहेर. स्टँडवर लावली. रुमालानं आरसा पुसला.

समोर आप्पा आपल्या पायरीवर टेकले होते. आता त्या जागेशी त्यांचा कायद्यानं, कागदानं, शब्दानंही काडीचा संबंध उरलेला नव्हता. ते तमाखू मळत होते. मळायचे थांबले नाहीत, मानही वर केली नाही.

"प्रभाकरराव," ते म्हणाले, "इचारलं का?"

प्रभाकररावांनी माझ्याकडे बघितलं. मी टेम्पोकडे बघितलं. मग त्यांनी स्टँड काढला आणि स्कूटर हळूहळू मागे घेतली.